उजवा म्हणायचं, डावा उचलायचा

राष्ट्राचा कणा शाळेच्या मैदानावर ताठ होतो आणि तो ताठ करतो शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, असं प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. मग ते बसायला गेले आणि कमरेत उसण भरून अर्ध्यातच अडकले. पहिल्या रांगेतल्या दोघांनी उठून त्यांना राष्ट्रासकट खुर्चीत ठेवलं.

त्या दोघांतली एक सुतळी. नाव अंगकाठीवरून पडलेलं. पळण्यात तिचा हात धरणारं कुणी महाविद्यालयात नव्हतं. अडचण हाताचीच होती.

मुलांकडे तोंड करून व्यायाम दाखवताना शिक्षकाने आरसा व्हायचं, असा या धंद्यातला नियम आहे. ‘उजवा हात वर’ म्हणायचं आणि स्वतःचा डावा उचलायचा, म्हणजे समोरची मुलं बघून बिनचूक उजवा उचलतात. गेल्या वर्षी अंतिम पाठाच्या परीक्षेला सुतळीने उजवा म्हणून प्रामाणिकपणे उजवाच उचलला आणि ती नापास झाली. यंदाची संधी दुसरी आणि शेवटची. हुकली की मामाच्या कापडाच्या दुकानात घड्या घालायच्या. मामाने तिच्यासाठी स्टूलसुद्धा आणून ठेवलं होतं. माणूस मायाळू होता, एवढंच.

सुतळीच्या वडिलांचं सलून होतं, त्यामुळे आरशांना तोटा नव्हता. रोज सकाळी ती गिऱ्हाइकांच्या मागे उभी राहून सराव करायची. एकदा पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तोंडाला फेस लावून बसले होते. आयुष्यभर हुकूम पाळलेला माणूस. तिने ‘उजवा हात वर’ म्हटल्याबरोबर त्यांचा हात कापडाखालून सटकन वर आला आणि वडिलांचा वस्तरा कानापाशी थबकला. वडिलांनी वस्तरा खाली ठेवला.

“पोरी,” ते म्हणाले, “मानेचे व्यायाम तेवढे दुपारी घे.”

हळूहळू सवय अंगात मुरली आणि मैदानाबाहेर सांडू लागली. काकांना फोनवर तिने ‘जिना चढलात की डावीकडचं दार’ असं सांगितलं. काका भलत्याच घरात चहा पिऊन, बिस्किटं खाऊन, मुलगी केवढी बदलली म्हणत परत गेले. आई म्हणाली, पास हो नाहीतर नापास हो, पण घरात माणसं येऊ देत.

परीक्षेच्या सकाळी सुतळी मैदानावर वर्गासमोर उभी राहिली. तोंडातल्या शिट्टीवर दातच असे वाजत होते की वर्ग हुकमाशिवाय सावधान झाला. आठवीची मुलं. बाहेरून आलेले परीक्षक, टोपी घातलेले एक गोल गृहस्थ, वर्गाच्या मागे उभे होते.

सुरुवात झकास झाली. उजवा म्हटलं, डावा उचलला. डावा म्हटलं, उजवा उचलला. मुलं छान ओळीत हलत होती. सुतळीच्या मनातलं स्टूल जरा लांब सरकलं.

तेवढ्यात परीक्षक चालत आले आणि थेट तिच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले.

मागून बघणाऱ्याला काय दिसणार? बाई उजवा म्हणतायत आणि डावा उचलतायत. साफ चूक. हे नियम विसरले असतील? की आपल्याला जोखतायत? ‘उजवा हात बाजूला’ असं तोंडातून निघून गेलं होतं, डावा अर्ध्या वाटेवर होता. तिने तो खाली टाकला आणि उजवा फेकला.

वर्गातल्या काहींनी कानावर विश्वास ठेवला, काहींनी डोळ्यांवर. दोन्ही पक्षांचे हात मध्ये भेटले. कुणाच्या नाकावर कोपर बसलं, कुणाचा चष्मा उडाला. पहिल्या ओळीतल्या मुलीने शांतपणे विचारलं, “बाई, नक्की कोणता?”

स्टूल परत जवळ आलं. त्यावर उशीही दिसली.

सुतळीने चष्मा उचलून दिला, नाक तपासलं. चूक माझी आहे, तुमची नाही, असं मुलांना सांगितलं. मग तिने वर्गाकडे सरळ पाठ फिरवली आणि माझ्यासारखंच करा म्हणाली. आता उजवा म्हणजे उजवाच. समोर हातभरावर परीक्षक. ‘उजवा हात पुढून वर’ला त्यांची टोपी गेली. त्यांनी ती उचलली, झटकली आणि दोन पावलं मागे सरून पुन्हा घातली. मागे मुलं मात्र एका तालात हलत होती; बुटांच्या आवाजावरून तिला ते कळत होतं.

वर्ग सुटला. परीक्षकांनी तिला जवळ बोलावलं.

“मध्येच हात का बदललात?”

“तुम्ही मागे येऊन उभे राहिलात, सर. मागून मी चुकतेय असं दिसलं असतं.”

परीक्षकांनी टोपी काढून वारा घेतला.

“तुमच्या मागे झाडाची सावली होती,” ते म्हणाले. “मला ऊन लागत होतं.”

सुतळीने वळून पाहिलं. झाड होतं खरं. चांगलं मोठं होतं.

गोंधळ घातलात तो घातलातच, ते पुढे म्हणाले. पण मुलांवर न खेकसता निस्तरलात, हे फार जणांना जमत नाही. पास.

सुतळीला वाटलं, वाकून नमस्कार करावा, मैदानाला एक फेरी मारावी, मामाला फोन करून ते स्टूल कुणाला तरी देऊन टाकायला सांगावं. यातलं काही होण्याआधी परीक्षकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, स्वच्छतागृह कुठे आहे?

“इथून सरळ जा सर, मग उज...”

परीक्षकांनी घाईघाईने हात वर केला. कोणता, ते तिने पाहिलं नाही.

“बोलू नका,” ते म्हणाले. “नुसतं बोट दाखवा.”