फुगलेला दरवाजा आणि झोपलेला मालक

जिना चढून पहिल्या मजल्यावर आलात की डाव्या हाताला, परवापरवापर्यंत रंगाच्या जाड थरांखाली घुसमटलेला जो दरवाजा दिसतो, तो मी. वयाने जुना, लाकडाने अस्सल सागवानी. ही बढाई नव्हे, मित्रांनो. माझ्या मालकाला हे आजतागायत ठाऊक नाही, म्हणून निदान तुम्हाला तरी ठाऊक असावे.

मला घडवणाऱ्या सुताराने माझ्यात आणि चौकटीत पोस्टकार्ड सरकेल एवढी फट ठेवली होती. या घरात पहिल्यांदा राहिली ती एक परिचारिका. दमून घरी आली तरी ती मला तळहाताने हळूच लोटायची. वर्षातून एकदा मला पॉलिश करायची, बिजागऱ्यांत तेल सोडायची. म्हातारपणी ती भाचीकडे राहायला गेली, घर विकायला निघाले आणि माझे दिवस फिरले.

घर विकत घेतले ते विमा कंपनीतल्या एका गृहस्थाने. कुठल्याशा थंडगार हॉलमध्ये दिवसभराचे शिबिर करून तो आला होता. "घर घ्यायचं, भाड्याने द्यायचं. घर आपण झोपलो तरी कमावतं," हे एक वाक्य त्याने पाठ केले होते. बाकीचे शिबिर बहुधा त्याने जेवणाच्या रांगेत घालवले असावे. घर पाहायला आला तेव्हा त्याने एकही नळ सोडून पाहिला नाही. न्हाणीघराच्या भिंतीला हात लावला नाही. बाजारात माणूस टोमॅटोसुद्धा दाबून बघतो! याने मात्र मोबाइलवर आकडेमोड केली, स्वतःवरच खूश होऊन हसला आणि जाताना मला बुटाच्या टोकाने ढकलले. पुढेही तो मला नेहमी बुटानेच ढकलत आला.

भाडेकरू ठेवतानाही त्याची हीच तऱ्हा. त्यांनी आधीचे घर का सोडले, तिथला मालक काय म्हणतो, हे त्याने विचारले नाही. त्याने त्यांच्या चपला पाहिल्या आणि शिलाई मशीनचे नाव ऐकून नाक मुरडले. तरीही चांगली माणसे आली ती माझ्या नशिबाने, त्याच्या पारखेने नव्हे. शाळेचे गणवेश शिवणारी एक ताई, बस चालवणारा तिचा नवरा आणि दम्याने बेजार झालेले तिचे सासरे. ताईने आल्या आठवड्यातच मशीनचे तेल माझ्या कडीला लावले. सासरे दुपारी खुर्ची माझ्याजवळ ओढायचे, मला किलकिले करायचे आणि जिन्यातून येणारी हवा घेत बसायचे.

मग न्हाणीघराच्या भिंतीतला पाइप पाझरू लागला. ती भिंत माझ्या चौकटीला लागूनच आहे. ओल माझ्या खालच्या कडेत शिरली आणि मी फुगू लागलो. सुताराने ठेवलेली फट बुजली. मला उघडताना ताईला एक पाय चौकटीला लावून दोन्ही हातांनी ओढावे लागे.

तिने मालकाला फोन केला. तो स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आले.

"दादा, भिंतीतून पाणी येतंय. दरवाजा फुगलाय, उघडत नाही."

"ताई, जुना दरवाजा आहे. जरा जोर लावायचा."

"मी लावते हो. पण बाबांना नाही जमत. आधी पाइप बघून घ्या ना."

"भिंत फोडायची म्हणजे केवढा खर्च! रंगारी पाठवतो. रंग लावला की ओल दिसणार नाही."

ओल दिसणार नाही! मित्रांनो, या माणसाच्या अकलेला कुठे ठेवावे? रंगारी आला. त्याने भिंतीला रंग फासला, मला फासला, माझ्या बिजागऱ्यांना आणि स्क्रूंनाही फासला. पाणी आत मुरतच राहिले. बाहेरून मी नव्या नवरदेवासारखा चकचकीत आणि आतून लोण्यासारखा मऊ! ताईने पुन्हा फोन केले. मालक कधी मीटिंगमध्ये होता, कधी गाडी चालवत होता, कधी नुसताच नव्हता.

एका दुपारी ताई गणवेश पोचवायला गेली. जाताना नेहमीप्रमाणे तिने मला जोराने ओढून घेतले. नवरा बसवर होता. थोड्या वेळाने सासऱ्यांना दम लागला. ते भिंतीला धरत माझ्यापर्यंत आले आणि माझी मूठ धरून ओढू लागले. मी उघडलो नाही. त्यांनी पुन्हा ओढले. त्यांची छाती शिटीसारखी वाजत होती. मग ते खाली बसले आणि तळहाताने मला थापट्या मारू लागले. कुणालाही आत घ्यायचे आणि बाहेर सोडायचे, एवढेच माझे जन्माचे काम. ते मला करता येत नव्हते.

समोरच्या काकूंना थापट्या ऐकू आल्या. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या वेल्डरला हाका मारल्या. त्याने पहार घातली आणि माझी कड फोडली. मला दुखले, पण कधी एकदा फुटतो असे मला झाले होते. सासऱ्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेले. ते वाचले. कितीतरी दिवस नळ्या लावून पडून होते, पण वाचले.

मालक दुसऱ्या दिवशी उगवला. फुटलेल्या कडेवर बोट फिरवून म्हणाला, "दरवाज्याची पार वाट लावलीत की! हे अनामत रकमेतून कापावं लागेल."

ताई दवाखान्यातून नुकतीच आली होती. तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

"दादा, दरवाजा फुटला म्हणून माणूस वाचला. तो माणूस कसा आहे, हे तुम्ही अजून विचारलं नाहीत."

तरीही त्याने विचारले नाही. महिनाअखेर ती सगळी निघून गेली. वेळेवर भाडे देणारी, कडीला तेल घालणारी माणसे त्याने एका पाइपपायी घालवली. वर मला प्लायवूडचे ठिगळ मारून पुन्हा रंग फासला.

घर पाहायला लोक येत, ठिगळाबद्दल विचारत. हा शहाणा सांगे, "चोरी झाली होती." आपला निष्काळजीपणा झाकायला त्याने चोर आणले! लोक घाबरून जिन्यात जात. तिथे काकू त्यांना गाठून खरी हकिगत सांगत. मग ते आणखी भराभर उतरत. घर रिकामेच राहिले.

शेवटी त्याला एक युक्ती सुचली. घरी आईची अडचण होत होती. तिला इथे ठेवायचे त्याने ठरवले.

आई आली. काठी टेकत माझ्यापुढे उभी राहिली. तिने ठिगळावर हात फिरवला आणि काकूंकडे पाहिले. काकूंनी तिलाही सगळे सांगितले. मालक घसा खाकरत राहिला.

"तू आत जा," आई त्याला म्हणाली.

"अगं, तू ये ना, तुलाच दाखवायला आणलंय."

"जा म्हणते ना!"

तो आत गेला. आईने काठी काकूंकडे दिली, बाहेरची कडी दोन्ही हातांनी धरली आणि अंगाचा भार टाकून मला ओढून घेतले. "आता ये बाहेर."

त्याने ओढले, पाय लावून ओढले. माझी मूठ स्क्रूंसकट त्याच्या हातात आली. मी मुद्दाम अडलो असे तुम्हाला वाटेल. मित्रांनो, लाकडाला मुद्दाम काही करता येत नाही. पण खरे सांगतो, मला वाईटही वाटले नाही.

"आई, उघडत नाहीये गं! कुणाला तरी बोलव!"

आई जिन्याच्या पायरीवर बसली. "फोन आहे ना जवळ? आधी प्लंबरला बोलव, मग सुताराला. भिंत फुटेपर्यंत मी इथेच आहे." मग म्हणाली, "आणि त्या आजोबांची तब्येत विचार. अनामतीतलं जे कापलंस ते परत कर. मला ऐकू येईल असं मोठ्याने बोल."

काकूंनी तिला चहा आणून दिला. आत माझा मालक, डोळ्यांत पाणी आणून, एकेक फोन लावत होता.

प्लंबरने बाहेरून खांदा लावला तेव्हा कुठे मी उघडलो. पाइप बदलला, भिंत वाळली, सुताराने माझे रंग खरवडून मला रंधा मारला. पण आई तिथे राहिली नाही. मुलाच्याच घरी, पुढच्या खोलीत राहायला परत गेली. मालक सुधारला असे मी मुळीच म्हणणार नाही. त्याला आईचा धाक बसला, एवढेच.

तेव्हा मित्रांनो, मोठे होऊन भाड्याने देण्यासाठी घर घ्यावेसे वाटले, तर शिबिरे खुशाल करा. पण एका दुपारी त्या घरात एकटे जा. नळ सोडून बघा, भिंतींना हात लावा, दरवाजा आतून लावून थोडा वेळ बसा. मग तुमच्या म्हाताऱ्या आजोबांना जेवढा जोर असतो, तेवढाच लावून बाहेर येऊन दाखवा. येता आले, तरच दुसऱ्याला आत बोलवा.