आकारामची भाकरी

तोडलेला ऊस तुमच्या घरात कोण मेलं हे विचारत नाही. रस आंबतो. म्हणून माझा पोरगा जोतीराम लढाईत मेल्याचं रहिमतपूरच्या पेन्शनर जमादारानं येऊन सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीही आमचं गुऱ्हाळ चालूच होतं. मला रडू आलं नाही. घरात बायका माझ्या तोंडाकडं बघत बसल्या, म्हणून मी रानात आले.

आमच्या गुऱ्हाळावर उकळत्या रसाची काहील चुलवाणावरनं उतरली की आधी माणसं जेवतात, मग दुसरा रस चढतो. पलीकडच्या गुऱ्हाळवाल्या नानासोसारखं एका हातात भाकरी नि एका हातात जाळायची चिपाडं, हे माझ्याकडं चालत नाही. भाकरीही मालकाच्याच घरची. सुतकात आमची चूल पेटली नव्हती, म्हणून शेजारच्या बयाबाईनं पाटीभर भाकरी-पिठलं पोचवलं होतं.

काहील उतरली. पाटीला कुणी हात लावेना. दादासो गुळव्यानं दुसरा रस चढवला.

"काय रं, भाकरीत विंचू हाय का?"

"आक्का, तुमच्या तोंडात घास न्हाई. आमी कसं गिळावं?"

"आन् मी हिरीत उडी घातली, तर मागनं येशील व्हय?"

दादासो रस ढवळत राहिला. चुलवाणाच्या तोंडाशी आकाराम चिपाडं ढकलत होता, पहाटेपासून, उपाशीच. ढकलता ढकलता त्याची मान लवली आणि तो पुढं कलंडला. मी मुंडासं धरून त्याला मागं ओढला. मुंडाशाचा शेव जळला होता. तो म्हणाला, "काय न्हाई आक्का, जरा आंधारी आली."

मी पाटीजवळ बसले. भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली, सगळ्यांदेखत खाल्ली. मीठ होतं की नाही, कळलं नाही. पाणी प्याले.

"बगितलं? आता बसा."

माणसं बसली. आकाराम मात्र आगीकडं बघत उभा.

"जाळ कोण बगंल?"

"मी. बस तू."

मी चिपाडं ढकलत राहिले. किती ढकलली, कुणास ठाऊक. दादासो भाकरी टाकून धावला. "आक्का, हात आवरा! जाळ लय झालाय, काहील लागंल, गूळ करपंल!"

"लागू दे. जा, जेव आदी."

आकारामही उठायला लागला. त्याच्याकडं मी नुसतं बघितलं, तसा तो खाली बसला.

त्या काहिलीचा गूळ काळा निघाला. आकाराम पोटभर जेवला.