फुंकरबाबांचं फाटक

फुंकरबाबांच्या फाटकाबाहेर त्या काळी मुंगीला शिरायला जागा नसे. आत बाबा मुलांच्या कपाळावर फुंकर घालत आणि माइकवरून गर्जत, "आकडी उडाली! फुर्रर्र!" बरी झालेली मुलं मंचावर ओळीनं उभी. नापास एकही नाही.

"एकही नाही बरं का, वहिनी!" नणंद ठासून सांगे.

वहिनी शिंपीण, शाळेचे गणवेश शिवायची. तिच्या चार वर्षांच्या लेकीची आकडी औषधांना जुमानत नव्हती. एक डोळा सुईवर, एक पोरीवर, असा तिचा दिवस जाई. शेवटी लेकीला कडेवर घेऊन ती फाटकाशी उभी राहिली.

फाटकावरचा शिष्य मधाळ बोलला. "ताई, आकडी पहिल्यांदा कधी आली?"

"वर्षाचीही नव्हती."

"जन्मल्याबरोबर रडली?"

"नाही, बऱ्याच वेळानं."

"औषधं?"

"दोन झाली. दोन्ही वाया."

मध आटला. "आईचं पाप आडवं येतंय. गोळ्या बंद करा, वर्षभर प्रायश्चित्त घ्या, मग या."

तिनं गोळ्या बंद केल्या. आठवड्यातच आकडी आली ती थांबेचना. नणंद-भावजय पोरीला घेऊन मोठ्या दवाखान्यात धावल्या. पोर वाचली. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पहिली आकडी कधी? जन्मताना रडली होती? औषधं किती झाली?"

शिंपीण हुंदके देऊ लागली. "तुम्हीपण हाकलणार? फुंकरबाबांच्या फाटकावरही हेच विचारलं नि हाकललं!"

बाई थबकल्या. "अस्सं! बुवा हुशार आहे. बहुतेक मुलांची आकडी गोळ्यांनी आटोक्यात येते. तान्हेपणी सुरू झालेली, जन्मताना मेंदूला इजा झालेली, दोन औषधं हरलेली मुलं अवघड. ती बाहेर ठेवायची, सोप्यांवर फुंकर मारायची!"

नणंद पुटपुटली, "शेजारणीच्या मुलाला मात्र बाबा म्हणाले, गोळ्या चुकवू नकोस, फुंकर वरून काम करील."

"काम गोळ्यांचं, जयजयकार फुंकरीचा!"

"आणि माझं पाप?" शिंपिणीनं विचारलं.

"पाप कसलं? जन्मताना मेंदूत व्रण राहिला असणार. गोळ्या पुन्हा सुरू करू, तपासण्या करू. कुणाला शस्त्रक्रियेनंही गुण येतो. हमी देत नाही, पण हाकलणारही नाही."

पोर घरी आल्यावर शिंपीण फाटकाशी गेली आणि ओरडली, "ज्यांना आत घेतलं नाही, त्या आया इकडे या!"

शिष्य धावला. "बाई, गोंधळ नको!"

"गोंधळ कसला? नापासांची हजेरी घेतेय!"

फाटकाबाहेर प्रायश्चित्ताला बसलेल्या इतक्या आया एकेक करत पुढं आल्या, की फाटकापुढची रांगच मोडली.

"बायांनो, आकडी पापानं येत नाही. गोळ्या मनानं सोडू नका. दोन औषधं हरली, तर तिसऱ्या दिशेनं विचार करणारा डॉक्टर गाठा. चला, दवाखाना मी दाखवते."

आत बाबा अजून फुंकरत होते. बाहेर ऐकायला कुणी उरलं नव्हतं.