खालची टाकी

"टाकी तुम्ही म्हणाल तेवढी लांब बांधतो, डॉक्टर. पण तिचं पाणी काढायचं कुठं, ते आधी सांगा." टाकीवाला गुडघ्यांवर बसून फरशीवर टेप पसरत होता. "इथं तर कुठंच जाळी दिसत नाही."

धाकट्या डॉक्टरांनी मास्क हनुवटीवर ओढला आणि खोलीभर नजर फिरवली. दातांच्या दवाखान्याची ती बाहेरची खोली. भिंतीला लावलेल्या खुर्च्या, मधे जुन्या मासिकांचं टेबल आणि आतल्या दारालगत पेशंटांचे नंबर लावणाऱ्या मावशींचं काउंटर. एका मित्राच्या दवाखान्यात भिंतभर पसरलेली माशांची टाकी पाहून आल्यापासून डॉक्टरांना दुसरं काही सुचत नव्हतं. काचेमागे हिरवंगार रान आणि त्यातून थव्याने फिरणारे इवले इवले मासे. पेशंट म्हणे ते बघूनच निम्मे बरे होतात.

"बादल्यांनी काढलं पाणी तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"एवढं? दर आठवड्याला? मग दात काढायला कोण बसणार?" टाकीवाला हसला. "ऐका. वरची टाकी लोकांनी बघायची. तिचा जीव असतो खालच्या टाकीत. वरचं घाण पाणी कोपऱ्यातल्या पाइपातून खाली येतं, स्पंजातून, खड्यांतून गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. जुनं पाणी सोडायला त्या खालच्या टाकीशेजारी वाट पाहिजे. नसेल तर सरळ नाद सोडा."

डॉक्टरांचा चेहरा पडला. मावशींना तो चेहरा पाठ होता. थोरले डॉक्टर असताना हाच मुलगा शाळा सुटली की ह्याच काउंटरखाली दप्तर पसरून बसायचा, आणि पेन्सिलीचं टोक मोडलं की अगदी असाच दिसायचा. तेव्हाही मावशी हातातलं काम टाकून टोक करून द्यायच्या. काही सवयी माणसाला महागात पडतात, पण त्या पडेपर्यंत गोडच वाटतात.

"माझ्या पायाखाली आहे की वाट," त्या म्हणाल्या.

दोघेही त्यांच्याकडे बघायला लागले.

"इथं पूर्वी हात धुवायचं बेसिन होतं. थोरल्या डॉक्टरांनी ते काढून माझं काउंटर केलं. भोक तसंच आहे, वर नुसतं झाकण आहे. मी त्यावर माझी पिशवी ठेवते."

पिशवी उचलली, स्टूल सरकवलं. टाकीवाल्याने पेचकसाने झाकण उचकटलं आणि मावशींच्याच पेल्यातलं पाणी आत ओतलं. पाणी गुडगुडत दिसेनासं झालं. त्याने काउंटरमागची भिंत ठोकून पाहिली, पंख्याचा प्लग पाहिला.

"सोन्यासारखी जागा. उतार आहे, प्लग आहे, भिंतीपलीकडे पाण्याचा नळ आहे. अहो डॉक्टर, शोधून सापडली नसती."

"मावशी, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं," डॉक्टर म्हणाले.

ते वाक्य मावशींनी दिवसभर मनात घोळवलं. संध्याकाळी घरी गेल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. टाकी केवढी, झाडं कसली, पाणी खाली कसं येतं आणि वर कसं जातं. नवरा पेपर वाचत होता. तो मधेच म्हणाला, "आणि तू कुठं बसणार?"

"समोरच्या भिंतीला. दोन खुर्च्या हलवल्या की झालं."

"असं डॉक्टर म्हणाला?"

"त्यात म्हणायचं काय? दवाखाना म्हटल्यावर काउंटर आलंच."

नवऱ्याने पेपरचं पान उलटलं. तो मुळातच कुजकट, असं मावशींचं मत होतं, आणि ते बऱ्याच वेळा बरोबरही निघालं होतं. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

त्यांचं सगळं लक्ष होतं पोरांकडे. दवाखान्यात येणारं पोर रडत येणार हे ठरलेलं. त्यासाठी काउंटरच्या कडेला मावशींची जुनी काचपेटी होती, आणि तिच्यात एकुलता एक मासा, बोक्या. जाडा, नारिंगी, आळशी. नाव एका पेशंट मुलीने ठेवलेलं. मावशी रडणाऱ्या पोराला स्टुलावर उभं करायच्या. "बघ, बोक्या कसा तोंड उघडतो. आ... मिटलं. आ... मिटलं. तुला येतं का? नाही येत? मग बोक्या जिंकला." पोर हरायला तयार नसे. तोंड आ करून ते तसंच आत जाई आणि डॉक्टर चटकन आरसा घालून दात बघून घेत. थोरले डॉक्टर म्हणत, ह्या दवाखान्यात दोन डॉक्टर आहेत, एक मी आणि दुसरा बोक्या. मावशींचा नंबर त्यात नव्हता, पण त्यांना त्याचं काही वाटत नसे.

पुढच्या आठवड्यात टाकीवाला नकाशा घेऊन आला. टेबलावरची मासिकं खाली ठेवून त्याने कागद पसरला. मावशी चष्मा लावून वाकल्या. निळ्या रंगात वरची टाकी होती, तिच्या खाली तीन कप्प्यांची खालची टाकी, पाइपांना बाण. बाकीच्या भिंतींना चौकोन चौकोन काढले होते.

"हे काय?"

"खुर्च्या."

"आणि हे?"

"ह्याही खुर्च्या. डॉक्टर म्हणाले, लोकांना चहूबाजूंनी टाकी दिसली पाहिजे."

"माझं काउंटर कुठंय?"

"कसलं काउंटर?" टाकीवाल्याने खरोखरच न कळून विचारलं, आणि मग कळून तो डॉक्टरांकडे बघायला लागला.

डॉक्टर दारातच उभे होते. धाकट्या डॉक्टरांना खुर्ची मिळाल्या दिवसापासून मावशी त्यांना अहोजाहो करत. आज ते कुठल्या कुठे गेलं.

"अरे, माझं काउंटर कुठंय?"

"मावशी, मी बोलणारच होतो तुमच्याशी." डॉक्टर हातमोजे ओढून काढायला लागले. "आता नंबर सगळे फोनवरच लागतात ना. लोक घरूनच वेळ घेतात. आणि तुम्हीही किती दिवस दगदग करणार? बाबा असते तर त्यांनीही तुम्हाला आराम करायलाच सांगितलं असतं."

मेलेल्या माणसाच्या तोंडी काय वाटेल ते घालता येतं. तो काही उठून नाही म्हणत नाही.

"म्हणजे हे ठरलं होतं?"

"तसं नाही. मनात होतं. पण जागेमुळे... म्हणजे जागा तुम्हीच दाखवलीत ना. मला वाटलं, तुमच्या लक्षात आलं असेल."

आतून कुणीतरी हाक मारल्यासारखं करून डॉक्टर आत गेले. कुणी हाक मारली नव्हती. आत पेशंटच नव्हता. मावशींना आत नळ सोडल्याचा आवाज ऐकू आला, आणि तो बराच वेळ येत राहिला.

त्या रात्री नवरा एवढंच म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण." मावशींना त्याचा राग आला नाही. राग आला तो स्वतःचा. पाण्याला वाट दाखवायला गेल्या आणि स्वतःच वाटेला लागल्या. आपण गप्प बसलो असतो तर टाकी झाली नसती, हे त्यांना दिसत होतं. आणि पुन्हा तो चेहरा पडला तर आपण पुन्हा बोलू, हेही दिसत होतं, आणि त्याचीच जास्त चीड येत होती.

काउंटर सुताराने उचकटलं तेव्हा खालची फरशी उजळ निघाली. तिथे वरची टाकी पेलणारा लोखंडी घोडा बसला, खालची टाकी बसली, पाइप जोडले गेले. मावशी तोवर एका खुर्चीत पेशंटसारख्या बसून काम करत. टाकीवाला चांगला माणूस होता. तो त्यांच्याकडे बघायचं टाळत असे.

शेवटच्या दिवशी त्याने पाणी भरलं. मावशींनी पाहिलं, खालच्या टाकीचा शेवटचा कप्पा त्याने काठोकाठ भरला नव्हता. कप्प्याचा वरचा मोठा भाग कोराच.

"हे राहिलं का भरायचं?"

"नाही हो मावशी. ते मुद्दाम. पंप चालू आहे तोवर ठीक. पण लाइट गेली की वरचं थोडं पाणी खाली उतरणारच. त्याला आधीच जागा ठेवावी लागते. नाहीतर सगळं जमिनीवर." त्याने बटण बंद करून दाखवलं. वरचा प्रवाह थांबला, पाइपातून पाणी खाली यायला लागलं, कोरा भाग भरत भरत काठाच्या जरा खाली येऊन थांबला. फरशीवर थेंब सांडला नाही. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या.

मावशी त्या कोऱ्या भागाकडे बघत राहिल्या. पाण्याची एवढी काळजी घेतली होती. त्यांना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"बोक्याला सोडू ना यात?"

"नको," टाकीवाला ओशाळून म्हणाला. "तो झाडं उपटून खाईल. ह्यात बारकेच मासे."

"मावशी, तुम्ही घेऊन जा त्याला," डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडून आठवण."

मावशींनी बादलीत जुन्या पेटीतलं पाणी घेतलं, बोक्याला त्यात सोडलं, वर ताट झाकलं. पिशवी खांद्याला लावली. तेवढ्यात दार उघडून एक बाई आत आली आणि तिच्यामागे ओढला जाणारा मुलगा. तो रडत नव्हता, किंचाळत होता. डॉक्टरांनी त्याला नव्या टाकीपुढे उभं केलं. "बघ, बघ, किती मासे." मासे तिळाएवढे. त्यांना तोंड होतं की नाही कुणास ठाऊक. मुलगा टाकीकडे पाठ करून आईच्या पोटात शिरला.

डॉक्टरांनी मावशींकडे पाहिलं. चेहरा पडलेला.

"मावशी, जाता जाता जरा एक मिनिट, ह्याला..."

मावशींचा हात ताटावर गेला. ताट उचललं की झालं असतं. त्यांनी ते दाबून नीट बसवलं.

"आता सगळं फोनवरच होतं ना, डॉक्टर," त्या म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

पायऱ्या उतरल्या तरी किंचाळणं ऐकू येत होतं. फाटकाशी येऊन त्यांनी बादली खाली ठेवली. कडीने बोटं दुखत होती म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या एका पोराला रडत सोडून आल्या होत्या. त्यात त्याचा काय दोष? कुणी दारात आलं असतं, नुसतं मावशी म्हटलं असतं, तरी त्या परत फिरल्या असत्या.

कुणी आलं नाही. थोड्या वेळाने रडणं थांबलं.

मावशी कान देऊन उभ्या राहिल्या. आतून पाण्याचा बारीक आवाज येत होता, आणि बाकी काही नाही. ताट जरा सरकवून त्यांनी बादलीत पाहिलं. बोक्या तोंड उघडत होता, मिटत होता. त्यांनी ताट परत झाकलं, बादली दुसऱ्या हातात घेतली आणि पाणी हिंदकळू नये म्हणून सावकाश चालायला लागल्या.