डावीकडचे ओरखडे

चादरीत गुंडाळलेलं बोटीच्या मोटरचं झाकण थोरल्याने बाकावर आपटलं, तेव्हा धाकटा एका स्कूटरच्या मडगार्डवर पॉलिश पेपर घासत होता. त्याने मान वर केली नाही.

"चार वाजता परवान्याचा साहेब तपासणीला येणार," थोरला झाकणाकडे बघत म्हणाला. "तोवर हे नव्यासारखं दिसलं पाहिजे."

धाकट्याने पेपर पाण्यात बुडवला आणि पुन्हा घासायला घेतला. सात वर्षांत थोरला दुकानाची पायरी पहिल्यांदाच चढला होता. दोघे भाऊ एकाच गल्लीत राहत, एकाच न्हाव्याकडे जात, आणि समोरासमोर आले की एक जण रस्ता ओलांडत असे. गल्लीला याची इतकी सवय झाली होती, की न्हाव्याने दोघांना वेगवेगळे वार लावून दिले होते.

"दुकानदाराला म्हणावं," थोरला झाकणालाच म्हणाला, "गावात दुसरा रंगारी असता तर मी इथे आलो नसतो."

"गिऱ्हाइकाला म्हणावं," धाकट्यानेही झाकणालाच सांगितलं, "दुसरा असता तर पत्ता मीच दिला असता."

लेकी बोले सुने लागे, असा कारभार सुरू झाला. झाकण बिचारं दोघांच्या मधे गप्प पडून होतं.

धाकटा पूर्वी थोरल्याच्याच बोटीवर खलाशी होता. माणसांना नदीच्या या काठावरून त्या काठाला न्यायचं, दिवसाला दहा-बारा फेऱ्या. एका सकाळी बोट वळवायचा मोटरचा दांडा धाकट्याच्या हातात असताना बोटीची मागची बाजू धक्क्याच्या खांबाला घासली. कोणाला खरचटलंही नाही. पण थोरल्याने बावीस उतारूंसमोर आवाज चढवून विचारलं, "डोळे फुटले का तुझे?" आणि त्याला तिथेच उतरवलं. त्या बाविसांत धाकट्याचा होणारा सासरा होता. पुढे लग्न झालं, पण सासरा अजूनही जावयाच्या स्कूटरवर बसत नाही.

धाकट्याने चादर बाजूला केली. झाकणाच्या डाव्या अंगावर वीतभर लांबीचा ओरखडा होता, नख रुतेल इतका खोल.

"पोरांनी दगड मारला," थोरला म्हणाला.

धाकट्याने बोट फिरवलं. वरच्या ओरखड्याखाली आणखी दोन होते, जुने, आणि त्यांच्यावर काहीतरी काळं चोळलेलं होतं. त्याने वास घेतला.

"झाकणा, तुला बुटाचं पॉलिश लावलं रे?"

थोरला भिंतीकडे बघू लागला.

"खाली मेण राहिलं की वर रंग धरत नाही. फोड येतात. आणि दगड मारणारी पोरं भलतीच नेमबाज दिसतात. तीनदा मारला, तीनदा त्याच जागी." धाकट्याने ओरखड्यातून डांबराचा कण नखाने उकरून बाकावर ठेवला. अख्ख्या गावात डांबर फासलेला खांब एकच होता. धाकट्याला आनंद झाला. तो लपवायची तसदी त्याने घेतली नाही.

"काम करायचं तर करा, नाहीतर नाही म्हणा," थोरल्याचा आवाज चढला. "ओरखडा दिसला की साहेब विचारतो, कुठे धडकलास. बोटीवर माणसं असतात म्हणतो, आणि परवाना जागच्या जागी थांबवतो. मग मी काय करू? दारात बसून गल्लीतली कुत्री मोजू?"

यावर बोलण्यासारखं धाकट्याकडे पुष्कळ होतं. पण हातात काम आलं की त्याला बोलायचं सुचत नसे. त्याने थिनरच्या फडक्याने मेण पुसून काढलं, एकदा, दोनदा, फडकं पांढरं निघेपर्यंत. पेपर मारून ओरखड्यांच्या कडा मऊ केल्या, पुट्टी कालवून भरली. मधे समोरच्या टपरीवरून चहाचे दोन ग्लास आले. वैरी असला तरी दारात आलेला माणूस होता. धाकट्याने एक ग्लास थोरल्याशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि पाठ फिरवून पुट्टी वाळायची वाट बघत बसला.

पुट्टी वाळली. ती घासून सारखी झाली. प्रायमर मारून झाला.

"झाकणा, बघ," मागून थोरला म्हणाला. "माणूस सात वर्षांनी दारात येतो, आणि त्याला कोणी घोटभर चहाही विचारत नाही. स्वतः मात्र ढोसायचा."

धाकटा ताडकन वळला. जिभेवर आलेलं उत्तर चांगलं तिखट होतं. पण त्याची नजर स्टुलावर गेली. ग्लास तिथेच होता, थोरल्याच्या डाव्या कोपरापासून हातभर अंतरावर, भरलेला. चहावर जाड साय धरली होती.

थोरला सरळ समोर बघत होता. चेहऱ्यावर खराखुरा राग होता, सोंग नव्हतं.

धाकट्याने ग्लास उचलला आणि थोरल्याला वळसा घालून त्याच्या उजव्या हाताशी ठेवला.

"आत्ता सुचलं," थोरला म्हणाला. एक घोट घेऊन त्याने तोंड वाकडं केलं. "आणि तोही गारढोण."

धाकटा परत बाकापाशी गेला, पण त्याला रंगाचा डबा उघडवेना. प्रायमरखालचे तीन ओरखडे आता दिसत नव्हते, तरी त्याला ते दिसत होते. सगळे डावीकडे. सात वर्षं या माणसाचं वाईट व्हावं म्हणून त्याने देवाला सोडून सगळ्यांना सांगितलं होतं. आता नुसते हात धुऊन 'जमत नाही' म्हटलं, की हिशेब पुरा होणार होता. थोरला दारात बसणार आणि कुत्री मोजणार. आणि झाकण चकाचक करून दिलं, की उद्या सकाळी बावीस माणसं त्याच बोटीत चढणार होती.

त्याचं डोकं तापलं. हा माणूस भांडायलासुद्धा धड उरला नाही, याचाच त्याला जास्त राग आला.

मग त्याने डबा उघडला. डब्यातला राखाडी रंग नवाकोरा होता, तसाच मारला असता तर ठिगळ दिसलं असतं. झाकणाने आठ वर्षं ऊन खाल्लं होतं. धाकट्याने थोडा पांढरा, किंचित पिवळा घालत, पुठ्ठ्यावर लावून बघत, तेवढं ऊन रंगात कालवलं. मग तोंडाला फडकं बांधून रंग फवारायच्या बंदुकीने हात मारला. शेवटी वर चकाकी चढवून झाकण दिव्याखाली ठेवलं, तेव्हा ओरखडे नेमके कुठे होते ते त्याला स्वतःलाही शोधावं लागलं.

झाकण वाळेपर्यंत त्याने एका गिऱ्हाइकाला फोन केला. "मडगार्ड तयार आहे. अंधार पडल्यावर या. नाही, दिवसा आता दुकान बंद असेल. उद्याही. रोजच."

थोरल्याने चादर पसरली.

"हात लावू नका," धाकटा झाकणाला म्हणाला. "रंग कोवळा आहे. मीच बसवणार आणि बोटीत मीच बघत बसणार. कोणाचं बोट उमटलं तर नाव माझं जातं."

"माझ्या बोटीत?"

"झाकण आहे म्हणून. नाहीतर त्या बोटीत कोण पाय ठेवतो."

झाकण बसवून दुकानामागच्या नदीकाठावरून बोट निघाली. थोरला दांडा धरून बसला. धाकटा झाकणाजवळ बसायचं सोडून बोटीच्या डाव्या कडेला बसला. वळणानंतर धक्का दिसू लागला. वर साहेब उभा होता, काखेत फाइल. धक्क्याच्या तोंडाशी डांबर फासलेला खांब होता, आणि बोट वळताना तिची मागची बाजू हळूहळू त्याच्याकडे सरकू लागली. थोरला समोर बघत होता, मान ताठ, सगळं दिसत असल्यासारखी.

धाकट्याने सात वर्षं एक वाक्य जपून ठेवलं होतं. ते कुठे, कसं, किती लोकांसमोर म्हणायचं, हे त्याने अंथरुणात पडल्यापडल्या शंभरदा ठरवलं होतं. तो थोरल्याकडे वाकला आणि साहेबाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला,

"डोळे फुटले का तुझे? डावीकडे खांब आहे."

थोरल्याचा हात दांड्यावर थांबला. त्याने मान वळवली नाही.

"दिसतोय मला," तो म्हणाला, आणि दांडा फिरवला. खांब चार बोटं अंतरावरून मागे गेला.

साहेबाने बोट पुढून मागून पाहिली, झाकणावरून नजर फिरवली, कागदावर खुणा केल्या. मग त्याचं पेन डाव्या कडेला बसलेल्या माणसाकडे वळलं.

"हा कोण?"

"खलाशी आहे," थोरला म्हणाला. "सात वर्षं रजेवर होता."

"बिनपगारी," धाकटा झाकणाला म्हणाला.