गुरुपादप्पांचं नाक

गुणाबाईनं डब्याचं झाकण काढलं. गुरुपादप्पांनी बोटभर तूप पालथ्या हातावर चोळलं, हात नाकाशी नेला आणि डोळे मिटले. वास आला नाही. मागच्या साली आलेल्या तापानंतर कशाचाच येत नव्हता. लातूरच्या या तुपाच्या दुकानात पस्तीस वर्षं त्यांच्या नाकाचा शब्द चालला होता. आता ते हमाल संगमेशचा चेहरा चोरून बघत आणि त्यावरून निकाल देत. दुकानात कुणाला पत्ता नव्हता.

संगमेशच्या नाकपुड्या फुलल्या, चेहरा उजळला. याला हे फुकट मिळतंय, हे गुरुपादप्पांना सहन झालं नाही.

"शिळं हाय," ते म्हणाले.

गुणाबाई तूप विकायला पहाटेच्या एसटीनं देवणीहून आली होती. ती भांडली नाही. "परवाचंच लोणी हाय अप्पा. पर तुमी म्हणता तर असंल," म्हणून झाकण लावू लागली.

त्यांना लेकीचं बोलणं आठवलं. शिवकन्या नांदेडच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. दिवाळीत तिनं समजावलं होतं, नाकातल्या प्रत्येक पेशीत वासाची शेकडो जनुकं असतात, पण पेशी त्यातलं एकच उघडते. ते एक चालू झालं की बाकीच्यांना गप्प बसवतं. तापानं ही घडी विस्कटली, की जनुकं जागेवर असूनही उघडत नाहीत. तेव्हा त्यांना फक्त स्वतःच्या नाकाचं वाईट वाटलं होतं. आता संगमेशकडे बघताना भलतंच मनात आलं: त्या एका जनुकासारखं आपणही याला गप्प बसवलं. वीस वर्षांत त्याला एकदाही डबा हुंगू दिला नव्हता. तुझं काम पाठीचं, नाकाचं न्हाई, असं वर सुनावलं होतं.

"थांब बाई. संगमेश, तू बघ."

"चेष्टा करता का अप्पा?"

"मला वास येत न्हाई. लई दिवस झाले."

संगमेश घाबरत वाकला. "ताजं हाय."

"कसा हाय वास? नीट सांग."

तो अडखळला. "तुपासारखाच की. आन् मागून काहीतरी हिरवं, तिखट येतंय."

गुरुपादप्पा गुणाबाईकडे वळले. "कढवताना नागवेलीचं पान टाकलंस?"

"हाव. दोन टाकले."

संगमेश खुशीत हसला आणि कुणी न सांगता पुन्हा डब्यावर वाकला. गुरुपादप्पांना त्याचा इतका हेवा कधीच वाटला नव्हता. पस्तीस वर्षं ज्यावर बसून तूप पारखलं, ते आपलं स्टूल त्यांनी त्याच्याकडे सरकवलं आणि तो मान कधी वर करतो, याची वाट बघत उभे राहिले.