कडक इस्त्री

कपाटाचं दार करकरलं आणि तिचा पोरीच्या वेणीतला हात थांबला.

सकाळपासून घरात कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. नवरा रात्रभर पत्ते खेळून आला की दुपारपर्यंत झोपायचा आणि तोवर मायलेकी कुजबुजत वावरायच्या. पाच वर्षांच्या पोरीलाही आता चमचा न वाजवता दूध ढवळता यायला लागलं होतं. आज मात्र तो साडेनवालाच उठला होता. वेणी भराभर आवरून ती दारातून डोकावली. तो कपाटापुढे उभा होता आणि त्याच्या हातात कामाचा निळा गणवेश होता. वर्षभर हँगरला लटकून खांद्यांपाशी त्याला टेंगळं आली होती.

बिनपगारी रजेचा आज शेवटचा दिवस. तो त्याच्या लक्षात आहे का, हे विचारायचं धाडस तिला आठवडाभर झालं नव्हतं.

"इस्त्री कुठे ठेवलीस?" त्याने विचारलं.

"कशाला?"

"शर्टाला करतो जरा."

"तू? कॉलर जाळून ठेवशील. आण इकडे."

क्षणभर त्याने शर्ट सोडला नाही. मग सोडला.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. नुसतं करायचा म्हणणं कमी आहे. कुणाच्या घरी जेवायला गेले तरी तो आधी लिफ्टच्या दाराला कान लावायचा. "वरची पुली कोरडी पडलीय," म्हणायचा, आणि यजमान बिचारे पाणी घेऊन ताटकळायचे. गच्चीवरच्या मशिनरूममध्ये सुटा भाग येईपर्यंत तासन् तास बसावं लागायचं. तिथेच त्याला मोबाइलवर पैसे लावून पोकरचे पत्ते खेळायची गोडी लागली. एकदा चार महिन्यांच्या पगाराएवढं एका बैठकीत हाती आलं, आणि त्याचं डोकं फिरलं. "हा नशिबाचा खेळ नाही गं, डोक्याचा आहे," तो सांगायचा. "मला एक वर्ष दे." तिने दिलं. पहिले तीन महिने क्लबात बसून तो खरंच जिंकला. पुढचं सांगण्यासारखं नव्हतं, आणि तो सांगतही नव्हता.

"जावईबापू काय म्हणतात? अजून राजाराणीतच उठबस का?" आई फोनवर विचारायची. ती हसून वेळ मारून न्यायची.

आज तिने जमिनीवर चादर पसरली, पाण्याचा हबका मारला आणि कॉलर आतून-बाहेरून दाबली. बाह्यांच्या घड्या सुरीसारख्या काढल्या. खिशावरचं कंपनीचं नाव उलट्या बाजूने हलक्या हाताने शेकलं. तोंडातून ब्र काढला नाही. बोललं तर आपलीच नजर लागेल, असं तिला वाटत होतं. त्याने गणवेश अंगात चढवला तशी पोरगी मात्र टाळ्या पिटायला लागली. "बाबा लिफ्टवाले झाले!"

"डबा देऊ?" तिने दारात विचारलं.

"नको. लवकर येईन."

त्याच्या हातात एक कापडी पिशवी होती. हत्यारं असतील, असं ती धरून चालली. तो जिना उतरून गेला आणि तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने रेडिओ लावला, भांडी खुशाल दणादणा आपटली. मनातल्या मनात पुढच्या महिन्यापासून पोरीला पोहायच्या क्लासलाही घातलं.

दीडच्या सुमारास फोरमनचा फोन आला. नवऱ्याला काम शिकवलं ते यांनीच.

"वहिनी, झालं बघा मनासारखं तुमच्या."

"तुमच्याच कृपेने," ती म्हणाली. "आजपासूनच घेतलं का कामावर?"

"घेतलं? अहो, राजीनामा दिला त्याने. तुम्हाला माहीत नाही?"

तिने रेडिओचा आवाज बारीक केला.

"मी साहेबांच्या हातापाया पडून आणखी सहा महिने रजा वाढवून घेतली होती. कागद तयार होता. म्हटलं, बाबा रे, आपली लिफ्ट खाली गेली तर वर तरी येते. तुझ्या त्या खेळाचं काय? घरी विचारलंस का? तर म्हणतो, हा गणवेश बघा, तिनेच इस्त्री करून दिलाय." फोरमन घसा खाकरले. "आमच्याकडे धुऊन, इस्त्री करून गणवेश जमा केल्याशिवाय राजीनामा घेत नाहीत ना. मी ती कॉलर बघितली. म्हटलं, बाईमाणसाने इतक्या मनापासून केलंय, म्हणजे तिचा होकारच असणार. मग मी कोण आडवा येणारा? सही केली."

"ते कागद परत..."

"वर गेले, वहिनी. आता माझ्या हातात काही नाही."

अडीचला तो आला. अंगात पट्ट्यापट्ट्यांचा टी-शर्ट होता, आणि कापडी पिशवी घडी करून खिशात.

"फोन आला होता," ती म्हणाली.

तो खुर्चीवर बसला. "फंड पंधरा दिवसांत मिळेल. एक मोठी स्पर्धा आहे. ती एकदा जिंकली की..."

"मला का नाही सांगितलंस?"

"मी खोटं बोललो नाही."

"तू काहीच बोलला नाहीस."

"तू विचारलंस कुठे?"

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पूर्वी त्याने साधी थाप मारली तरी कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. त्यावरून तिने त्याला किती छळलं होतं! हातातले पत्ते तोंडावर दिसू नयेत म्हणून वर्षभर आरशासमोर बसून त्याने चेहरा कमावला होता. आता कानसुद्धा त्याचं ऐकत होते.

"भीती वाटते का रे तुला?" तिने हळूच विचारलं. तो नुसतं हो म्हणाला असता तरी ती त्याच्याजवळ जाऊन बसली असती.

"झोप झाली नाहीये माझी," तो म्हणाला आणि आत गेला.

तिने रेडिओ बंद केला. चादर उचलायची राहिली होती. ती उचलायला म्हणून वाकली आणि तिथेच बसली. शर्टाचा ठसा अजून चादरीवर होता. पोरगी शेजारी येऊन मांडी घालून बसली, तिच्या तोंडाकडे निरखून बघत.

"आई," ती कुजबुजली, "तू हरलीस?"

तिने मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"पण तू खेळलीस कधी?"